एका किल्लीची दोन दारं

आमच्या घराची किल्ली मी डोळे मिटूनसुद्धा ओळखते. मुठीकडची खाच खोल, पुढच्या दोन उथळ, मग एक इतकी खोल की किल्ली तिथेच मोडणार असं वाटावं, आणि टोकाला नुसता ओरखडा. नवऱ्याचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान आहे आणि वेगळ्या राहणाऱ्या पण येऊन-जाऊन असलेल्या सासूबाई किल्ल्या हरवण्यात पटाईत आहेत, त्यामुळे लग्न झाल्यापासून दुकानातल्या मशीनवर मी सगळ्यात जास्त वेळा कोणती किल्ली कापली असेल तर हीच. म्हणून त्या दुपारी एका अनोळखी बाईने पर्समधून ती काढून काउंटरवर ठेवली, तेव्हा मला वाटलं, सासूबाईंनी पुन्हा कुठेतरी पाडली आणि ही भली बाई परत करायला आली.

"अशीच अजून एक करून द्याल?" ती म्हणाली.

नवरा बाहेर कामावर गेला होता. मी उंच स्टुलावर तिरकी बसले होते, कारण आठवा महिना सरत आला होता आणि समोर तोंड करून बसलं की पोट मशीनला लागायचं. मी तिची किल्ली मशीनच्या एका जबड्यात अडकवली, दुसऱ्यात कोरी किल्ली लावली आणि मशीन चालू न करता नुसती बघत राहिले. मग माझ्या पर्समधली किल्ली काढून तिच्यावर ठेवून बघितली. नखालाही फरक लागेना. मुठीवर आमच्या दुकानाचा ठिपकासुद्धा होता. आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक किल्लीवर नवरा तो ठोकतो.

"कुठल्या दाराची आहे?" मी विचारलं.

"माझ्या घराच्या. नवीन लॅच बसवलंय, पण ज्याने बसवलं त्याने एकच किल्ली दिली. दुसरी मागितली की उद्या म्हणतो. बहीण राहायला येणार आहे, तिला लागेल."

बाई बोलकी होती. कोटाच्या खिशावर चष्म्याच्या दुकानाची पट्टी होती, आणि कितवा महिना, पाय सुजतात का, झोप लागते का, हे सगळं तिने अगदी मनापासून विचारलं. आमच्याकडे कापलेली किल्ली दारात फिरवून बघायची पद्धत आहे, असं सांगून मी ती कुठे राहते ते काढून घेतलं. बस डेपोच्या मागे, पाण्याच्या टाकीसमोर, वरचा मजला, उजवीकडचं दार. फिरली नाही तर मीच परत येईन, तुम्ही या अवस्थेत कशाला जिने चढता, असंही ती म्हणाली. मी किल्ली कापून दिली. स्वतःच्या घराची किल्ली परक्या बाईला हसून कापून देणारी माझ्यासारखी गाढव शोधून सापडायची नाही.

त्या दिवशी दुकान लवकर बंद करून मी घरी गेले आणि घर उलथंपालथं केलं. बाई खोटं बोलत होती, ही किल्ली आमच्याच दाराची होती, आणि मी दुकानात असताना ती आमच्या घरी येत होती, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मी उशीवर केस शोधले. मोरीच्या जाळीत बघितलं. कपाटातल्या माझ्या साड्यांचा वास घेतला. काही नव्हतं. होता तो फक्त पाळण्याचा खोका, भिंतीला टेकून, महिनाभर न उघडलेला. "उद्या जोडतो" म्हणून नवऱ्याने तो तिथे ठेवला होता, आणि त्याचा उद्या काही उगवत नव्हता.

त्याचं हे आजचं नाही. लग्नाच्या रजिस्टरवर सही करायच्या आधी तो गाडीला लॉक लावलंय का बघायला म्हणून खाली गेला आणि अर्धा तास वर आलाच नाही. गाडीला लॉक होतं. बाळाची बातमी मला दोनदा सांगावी लागली, कारण पहिल्यांदा त्याने नळ सोडला आणि ऐकू आलं नाही असं दाखवलं. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "बरं." मी हसून सोडून दिलं. आपल्या माणसाची भीती आपण लाडाने खपवतो, आणि मग ती घरभर फिरायला लागते. तो बाप म्हणून टिकेल का, हा प्रश्न मी तेव्हाच विचारायला हवा होता. मी तो पोटाबरोबर वाढू दिला.

संध्याकाळी तो आला. मी काही विचारलं नाही, कारण काय विचारायचं तेच कळत नव्हतं. घरात कुणी येतं का, असं विचारावं तर पुरावा नाही. सासूबाईंची हरवलेली किल्ली कुणाला सापडली का, असं विचारावं तर त्या बाईने तिला स्वतःच्या दाराची का म्हणावं? जेवताना तो कुठल्याशा ऑफिसातल्या कामाबद्दल सांगत होता. सगळ्या केबिनची कुलूपं एकाच किल्लीने उघडायला हवी होती, साहेबाला खिशात जुडगा नको होता. म्हणून त्याने प्रत्येक कुलूप खोलून आतल्या पिना बदलल्या. मी मान हलवत राहिले. कुलपाच्या आतल्या त्या बारीक पिनांची उंची किल्लीच्या खाचांशी जुळली की कुलूप फिरतं, हे मलाही माहीत आहे. पिना बदला, की तेच कुलूप दुसऱ्या किल्लीचं ऐकायला लागतं.

डोक्यात प्रकाश पडला तो सकाळी, दात घासताना. तो निघायच्या तयारीत होता आणि त्याचा जुडगा टेबलावर पडला होता. गाडीची, दुकानाची, घराची. तीनच किल्ल्या, पहिल्यापासून तीनच. चौथी आली असती तर मी त्याच दिवशी विचारलं असतं, ही कशाची? तिच्याकडे आमच्या घराची किल्ली नव्हतीच. तिच्या दाराला त्याने आमची किल्ली लावली होती. नवीन लॅचबरोबर तीन किल्ल्या येतात, पण पिना बदलल्यावर त्या निकामी झाल्या, म्हणून त्या बिचारीला त्याने कापलेली एकच मिळाली. दुसरा एखादा नवरा किल्ली मोज्यात लपवतो. आमच्या कारागिराने दारच बदललं. आणि स्वतःच्या हुशारीत हे विसरला, की असं केलं की तिचीही किल्ली आमच्या घराला लागते आणि माझीही तिच्या.

तोंडात पेस्ट असतानाच मला हसू आलं. मग रडू आलं. मग पुन्हा हसू आलं, आणि हे बाळाला आत कसं वाटत असेल या काळजीने मी बसले.

दुपारी मी टाकीसमोरच्या इमारतीत गेले. बाई कामावर असणार हे मला माहीत होतं. मला फक्त किल्ली फिरवून बघायची होती. फिरली नाही तर मी वेडी ठरणार होते, आणि खरं सांगते, वेडं ठरायला मी एका पायावर तयार होते. जिने थांबत थांबत चढले. उजवीकडचं दार. किल्ली आत गेली आणि आवाज न करता फिरली. आमच्या घरचं लॅच कुरकुरतं. मी दहादा सांगितलंय, तेल घाल.

खुंटीला त्याचं जाकीट होतं. आतून भांड्याचा आवाज आला आणि मग त्याचा.

"आलीस? थांब, चहा ठेवतो."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मला एवढंच वाटलं, की हा किती मोकळा बोलतोय. आमच्या घरी तो आल्याबरोबर खिडकीपाशी जाऊन उभा राहतो, कुणीतरी बोलवेल म्हणून वाट बघितल्यासारखा. इथे तो चहा ठेवतो. आपल्याला त्या बाईचा हेवा वाटतोय, की चहाचा, की त्याच्या त्या मोकळ्या आवाजाचा, हे मला तिथे उभं राहून कळेना. मी दार ओढून घेतलं आणि खाली आले.

दुकानात जाऊन मी नवीन खाचांच्या किल्ल्या कापल्या. दोन. कुलपाला दोन किल्ल्या कापायची हाताला सवय आहे. दुसरी कुणासाठी ते मी ठरवलं नव्हतं. पिनांची डबी घेऊन घरी आले, आमच्या दाराचं लॅच खोललं आणि टेबलावर पिना बदलत बसले. एक स्प्रिंग उडून पलंगाखाली गेली. मला वाकता येईना. शेवटी पायाच्या अंगठ्याने, शिव्या देत, ती ओढून काढली. लॅच परत बसवलं, तेलही घातलं. मग दारासमोर खुर्ची ठेवून बसले.

तो दिवेलागणीला आला. किल्ली आत गेली आणि अडली. त्याने ती काढली, पुन्हा घातली, हलक्या हाताने हलवून बघितली. मग हत्यारांच्या बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला.

असलं लॅच तो दूध उतू जायच्या आत उघडतो. हत्यारं लावून तो आत आला तर हा संसार संपला, एवढं मी ठरवलं होतं. नाही आला तर काय, ते ठरवलं नव्हतं.

चेन पुन्हा बंद झाली. बेल वाजली.

मी उठले नाही. तो दाराच्या अगदी जवळ आला असावा, कारण आवाज हळू होता तरी मला सगळं ऐकू आलं. दुपारी चहा घेऊन तो बाहेर आला तर खोलीत कुणीच नव्हतं, असं तो म्हणाला. त्या दाराची किल्ली दोघांकडेच होती, पण त्या दाराला लागणारी किल्ली अजून एकीकडे होती, हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं. मग तो गाडीत बसून राहिला. कुठे जावं ते सुचेना.

"मी घाबरलो होतो," तो म्हणाला. "तू ते सांगितलंस तेव्हापासून. मला अशी एक जागा हवी होती, जिथून कधीही निघता येईल."

"मीपण घाबरलेय," मी म्हणाले. "रोज घाबरते. पण मी निघाले, तरी बाळ पोटात घेऊनच निघणार ना?"

दारावर काहीतरी टेकल्याचा आवाज आला, बहुतेक त्याचं डोकं. त्याला ताटकळत ठेवायचं म्हणून नव्हे, पण हल्ली उठायलाच वेळ लागतो, तेवढा वेळ घेऊन उठले आणि दार उघडलं. त्याचे डोळे लाल होते. माझ्या हातात दोन नव्या किल्ल्या बघून त्याने सवयीने तळहात पुढे केला.

मी दोन्ही किल्ल्या मुठीत मिटल्या.

"किल्ली मिळणार नाही. बेल वाजवायची आणि मी उठेपर्यंत थांबायचं."

त्याने हात मागे घेतला.

"आणि बाळ झोपलेलं असलं तर?" त्याने विचारलं.

इतक्या महिन्यांत त्याने बाळाचं नाव काढलं ते असं. हा माणूस मला हवा आहे की नको, हे मला त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर मी दोन्ही उत्तरं दिली असती, आणि दोन्ही खरी असती.

"तर बाहेरच थांबायचं," मी म्हणाले.

त्याने मान हलवली आणि बॅग खाली ठेवून तिथेच उभा राहिला, कारण मी अजून दारातून बाजूला झाले नव्हते.