मास्तरांच्या दगडावरचा ‘च’

‘च’ची उभी रेघ खालपर्यंत उतरली आणि रमजानची छिन्नी जागच्या जागी थांबली. शलमोन मास्तरांच्या कबरीवर ‘देव एक आहे’ एवढंच कोरायला रूथवैनींनी, मास्तरांच्या पत्नींनी, सांगितलं होतं. दगडावर उमटलं होतं ‘देव एकच’.

मलकापुरातल्या त्याच्या शेडमध्ये मास्तर रोज संध्याकाळी चहाला यायचे. शाळेतून निवृत्त झालेले, रविवारी चर्चमध्ये उपदेश करणारे. चहाबरोबर भांडणही ठरलेलं. देव एकच, त्याला मुलगा कसला, असं रमजान म्हणायचा. मास्तर सांगायचे, पहिल्या ख्रिस्ती लोकांनीही याच गाठीवर डोकं फोडलं; एक देव सोडायचा नाही आणि येशूला देव म्हणायचंही सोडायचं नाही. बायबलात दोन्ही आहे, त्याला त्यांनी तरी काय करावं?

“देव एकच, हे मलाबी मान्य हाय रं गड्या,” ते हसून म्हणायचे, “पर तुझा ‘च’ पुत्राला उंबऱ्याभायेर ठेवतो.”

आता मास्तर गेले होते, उद्या दगड बसायचा होता आणि तोच ‘च’ त्यांच्या डोक्याशी उभा राहणार होता. सवयीनं हात गेला म्हणावं, तर मन मानेना. मेलेल्या माणसाशी वाद जिंकल्यासारखं दिसत होतं आणि रमजानला त्याची मनापासून लाज वाटली. दगड म्हणजे काही पाटी नव्हे, पुसून टाकायला.

रूथवैनी आल्या तेव्हा त्यानं काही लपवलं नाही. चूक माझी, नवा दगड घडवतो, चार दिवस थांबा, असं सांगून तो मान खाली घालून उभा राहिला. वैनींनी चष्मा पदराला पुसला, ओळ वाचली, ‘च’वरून बोट फिरवलं.

“ऱ्हाऊ द्या त्यो,” त्या म्हणाल्या. “घरी आल्यावरबी तुमच्या ‘च’ला उत्तर शोधत बसायचे. लय रमायचे त्यात. शेवटचं उत्तर तेवढं द्यायचं ऱ्हायलं.”

रमजानला पुढचं नीट दिसेना. त्यानं बाहीनं डोळे पुसले.

आजवर त्यानं कुणाच्याच दगडावर क्रूस काढला नव्हता. वैनींना ते ठाऊक होतं, म्हणून त्यांनी तो मागितलाही नव्हता. रमजाननं खडू उचलला, ओळीखाली एक उभी रेघ ओढली, मग एक आडवी.

“वैनी,” त्यानं विचारलं, “मास्तरांना एवढा पुरंल का?”