राखाडी पट्ट्यापलीकडचा धक्का

मी एक जुना चार्टप्लॉटर. मित्रांनो, हे नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकले नसेल, कारण माझे काम पाण्यावरचे आणि तुम्ही राहता जमिनीवर. बोटीच्या सुकाणूजवळ माझ्यासारखा एक पडदा बसवलेला असतो. उपग्रहांकडून मला माझी जागा कळते आणि ती मी समुद्राच्या नकाशावर दाखवतो. आपण कुठे आहोत, पुढे खडक आहे का, खाली पाणी किती खोल आहे, हे बोट चालवणाऱ्याला एका नजरेत समजते.

पण एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. तो नकाशा माझा नसतो. नखाएवढ्या एका कार्डावर तो येतो आणि माझ्या बाजूच्या खाचेत बसतो. कार्डात जे असेल तेवढेच मला दिसते. म्हणून मला पहिल्यापासून एकच कुतूहल आहे. हे पाणी कोणी मोजले असेल? कधी मोजले असेल? आणि जिथे कोणी मोजलेच नसेल, तिथे काय असेल?

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे मला पाण्यात बुडवून पाहिले, तापवून पाहिले, जोरजोरात हलवून पाहिले. त्यानंतर मुंबई बंदरातल्या एका बोटीवर मला जागा मिळाली. बाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या मोठ्या जहाजांना ही बोट भाजीपाला, गोडे पाणी आणि माणसे पोहोचवत असे. धुके पडले की सगळे माझ्याभोवती जमत. बोट चालवणारे तांडेल माझ्या काचेवरून हात फिरवून म्हणत, "हा आहे म्हणून बरं." ते ऐकून मला फार बरे वाटे.

पुढे त्या बोटीवर मोठा, बोटाने चालणारा पडदा आला. माझ्या वायरी कापल्या गेल्या. इतर जुन्या सामानाबरोबर मी उल्हासनगरला भूपेश यांच्या दुकानात पोहोचलो. भूपेश कारखान्यांची आणि बोटींची जुनी यंत्रे दुरुस्त करून विकत. त्यांनी माझ्या वायरी जोडल्या, मी चालू होतो हे पाहिले आणि मला एका स्टॅबिलायझरशेजारी फळीवर ठेवून दिले. दुकानात येणाऱ्या माणसाला मिक्सर हवा असे, पंखा हवा असे. समुद्र कोणालाच नको होता. माझ्यावर धूळ साचत गेली.

एका दुपारी यशोधरा दुकानात आली. ती अंबरनाथच्या एका कारखान्यात मापनयंत्रांच्या विभागात काम करत होती आणि पालेगावला राहत होती. तिने मला उचलले, काच ओढणीने पुसली आणि चालू करायला सांगितले.

"बोट आहे काय तुमच्याकडे?" भूपेशनी विचारले.

"बाबांच्या मित्राची आहे. करंज्याला. मला आकडे मोठे दिसतील असा हवाय. बाबांची नजर चाललीय."

अशा रीतीने मी पालेगावच्या एका फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर आलो. तिथे मला शिवराम भेटले. ते यशोधराचे वडील. मुंबई ते कोकण किनारा अशा प्रवासी लाँच त्यांनी उमेदीची सारी वर्षे चालवल्या होत्या. आता त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग निकामी होत होता. समोरचे पुसट दिसे, कडेचे दिसे. त्यामुळे ते माझ्याकडे थेट पाहत नसत. मान थोडी वळवून, कोपऱ्यातून पाहत. आधी मला वाटले, मी त्यांना आवडलो नाही.

ते कोपऱ्यातून का होईना, मला का पाहत होते, हे त्याच संध्याकाळी कळले. त्यांचे गाव धरमतरच्या खाडीत, आतल्या एका फाट्यावर होते. गावाला दगडी धक्का होता. पण शिवरामांच्या लहानपणी त्यांच्या वस्तीतल्या माणसांना त्या धक्क्यावर पाय ठेवू देत नसत. होडी धक्क्याच्या अलीकडे थांबे आणि त्यांना चिखलात उतरावे लागे. त्यांची आई, अंजनी, लहानग्या शिवरामांना कडेवर घेऊन गुडघाभर चिखलातून वर चढत असे. पुढे शिवरामांनी कितीतरी बंदरांना लाँच लावली. त्यांच्या गावाकडे मात्र लाँचचा मार्ग कधी गेला नाही.

"एकदा तिथं बोट लावायची होती," ते यशोधराला म्हणाले. "माझ्या हातानं. आता रस्त्यानं कुणीही जातं गं. पण पाण्यातून, धक्क्याला."

"लावू ना बाबा. दिसतंय तोवर लावू," ती म्हणाली.

आता प्रश्न माझ्या कार्डाचा होता. माझ्यातले जुने कार्ड मुंबई बंदरापुरते होते. खाडीच्या तोंडाशी त्याचा नकाशा संपत असे, आणि त्यापुढे मला काहीच दिसत नसे. म्हणून यशोधरा, तिचा धाकटा भाऊ मुकेश आणि शिवराम असे तिघे मला घेऊन पुन्हा भूपेशकडे आले. भूपेशनी ओळखीच्या व्यापाऱ्याकडून पाहण्यापुरती कार्डे मागवून ठेवली होती.

पहिले कार्ड मला वाचताच आले नाही. ते माझ्यानंतरच्या पिढीचे होते. मी पडद्यावर नुसता 'कार्ड नाही' असा निरोप दाखवत राहिलो. भूपेशनी ते काढून घेतले आणि म्हणाले, "याचं वय झालंय. घ्यायच्या आधी लावून बघायचं, ते यासाठीच."

दुसरे कार्ड आत गेले आणि माझा पडदा उजळला. काय सुंदर होते ते! उथळ पाणी फिकट, खोल पाणी गडद निळे, किनाऱ्यावरच्या टेकड्यांना सावल्या. धरमतरची खाडी तोंडापासून शेवटपर्यंत निळीशार होती. शिवरामांच्या गावचा फाटाही निळा होता.

"ताई, हाच घे," मुकेश म्हणाला. "एकदम भारी आहे. गावापर्यंत सगळं दाखवतोय बघ."

"दिसायला हाच एक नंबर," भूपेश म्हणाले. "जास्त हाच जातो. बाकी तुम्ही बघून घ्या, आराम से."

तिसरे कार्ड अगदी साधे होते. त्यात सावल्या नव्हत्या, टेकड्या नव्हत्या. आकडे आणि रेघा, बस्स. मोठ्या बोटी जातात तो खाडीचा भाग त्यात बारकाईने दिला होता. पण गावच्या फाट्याशी मात्र निळा रंग थांबत होता. त्यापुढे राखाडी पट्टा होता, एकही आकडा नसलेला.

"हा तर अर्धाच आहे," मुकेश म्हणाला.

यशोधराने पुन्हा रंगीत कार्ड घातले, फाटा मोठा करून पाहिला, आणि मग आणखी मोठा केला. मला फार उत्सुकता वाटत होती. ती नक्की काय शोधते आहे?

"मुकेश, इथे आकडे किती आहेत बघ."

मुकेश वाकला. फाट्याच्या तोंडाशी एक आकडा होता आणि पार आत, पुलाजवळ एक. मधे नुसता निळा रंग होता. बाण तिथे नेऊन बटण दाबले की, ते पाणी कोणी आणि कधी मोजले हे सांगणारी चौकट उघडते. निळ्या भागात ती चौकट रिकामी आली. साध्या कार्डाच्या राखाडी भागात तिने लिहिले, 'मोजणी झालेली नाही.'

"म्हणजे मधलं यांनी असंच भरलंय?" मुकेश म्हणाला.

"दोन आकडे जोडले आणि मधे रंग दिला. एखादा आकडा खरा असेलही," यशोधरा म्हणाली. "पण मला ते कळणार कसं?"

शिवरामांनी मान वळवून कोपऱ्यातून माझ्याकडे पाहिले. "त्या साध्याचे आकडे मोठे होतात का?"

यशोधराने बाकी सगळ्या खुणा लपवल्या आणि आकडे मोठे केले. पडद्यावर फक्त खोली राहिली.

"सात," शिवरामांनी वाचले. मग सावकाश पुढचा आकडा वाचला. "पाच." मग त्यांनी माझ्या काचेवर बोट टेकवले. "हाच घे, यशो. याचं मला दिसतंय."

"आणि राखाडीचं काय करायचं?" मुकेशने विचारले.

"ते आपण मोजू," यशोधरा म्हणाली.

मित्रांनो, असे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकले. तोवर मला वाटायचे, मोजणारी माणसे कुठेतरी दूर, वेगळीच असतात.

करंज्याला जनूची बोट होती. जनू हा शिवरामांचा लाँचवरचा जुना खलाशी. त्याने सुकाणूपाशी लाकडी ठोकळा ठोकून मला बसवले. शिवरामांनी निघायची वेळ भरतीची सुरुवात बघून ठरवली. "चढत्या पाण्यात रुतलो तर पाणीच उचलून घेईल," ते म्हणाले. "उतरत्या पाण्यात रुतलो की बसा मग चिखलात."

खाडीचा मोठा रस्ता सोपा होता. शिवराम सुकाणूवर, यशोधरा शेजारी. कोळसा वाहणारा एक पडाव समोरून गेला, तेव्हा त्यांनी बोट अशी अलगद बाजूला घेतली की माझ्या पडद्यावर नुसते एक वळण उमटले. फाटा आला. माझा निळा रंग संपला आणि राखाडी सुरू झाले.

तिथे मी जवळजवळ आंधळा होतो. बोटीची जागा मला दिसत होती, पण खाली काय आहे ते नाही. मुकेश पुढच्या टोकाला बांबू घेऊन उभा राहिला. बांबूवर त्याने हाताहाताच्या अंतरावर खुणा रंगवल्या होत्या.

"डाव्या बाजूनं घे," जनू म्हणाला. "पानी तिकरं खोल हाय."

"नाही, उजवीकडं," शिवराम म्हणाले. "आम्ही लहान असताना होडी उजव्या काठानंच यायची."

मुकेशने उजवीकडे बांबू टाकला. तो लगेच टेकला. डावीकडे टाकला, तिथेही चिखल. शिवराम आणि जनू, दोघांच्या आठवणीतली वाट बुजून गेली होती. बोट हळूच थांबली. तळाशी काहीतरी मऊ घासल्याचे मला जाणवले.

जनूने इंजिन बंद केले. शिवराम सुकाणू सोडून बसले आणि हात चोळत राहिले. गाव आता झाडांमागे दिसत असणार, पण त्यांना ते दिसत नव्हते.

"परत जायचं का बाबा?" मुकेशने विचारले.

"पाणी चढतंय ना?"

"चढतंय."

"मग थांबू."

भरतीने बोट आपोआप उचलली. या खेपेला यशोधरा म्हणाली, "मधून जाऊ. कुणालाच माहीत नाही, तर मधून मोजत जाऊ." मुकेश बांबू टाकत राहिला आणि आकडे ओरडत राहिला. ती एकेक खूण माझ्यावर नोंदवत गेली आणि वडिलांना सांगत गेली, "थोडं डावीकडे. सरळ. आता सरळच." वाट नागमोडी निघाली. पण होती.

धक्क्यावर एक बाई जाळे पसरत होती. नंतर कळले, तिचे नाव गोदू. बोट येताना पाहून ती काठाशी आली. "दोर टाका बाबा," ती म्हणाली.

शिवरामांनी इंजिन मंद केले. धक्क्याचा काठ शोधत बोट कडेला घेतली. दगडाला ती इतकी हळू लागली की माझ्या काचेला धक्कासुद्धा बसला नाही. जनूने दोर टाकला आणि गोदूने तो खुंट्याला बांधला. मग यशोधराचा हात धरून शिवराम धक्क्यावर उतरले. त्यांनी वाकून दगडावर तळवा टेकवला.

"कुणाकडचे तुम्ही?" गोदूने विचारले.

"इथलाच. वरच्या वस्तीतला. अंजनीचा मुलगा."

"मग वर चला ना. चहा घ्या."

"येतो," शिवराम म्हणाले. "जरा इथं बसतो."

ते बसून राहिले. यशोधरा त्यांच्या शेजारी बसली. दोघांचे पाय खाली पाण्यावर लोंबत होते.

मित्रांनो, मी आता जनूच्या बोटीवरच असतो. आम्ही मोजलेले आकडे यशोधराने कार्ड बनवणाऱ्यांना कळवले आहेत. ते पुढच्या कार्डात येतील का, याची मला फार उत्सुकता आहे. दर मोसमात ती कार्ड ताजे करून घेते, कारण पाण्याखालची जमीन एका जागी राहत नाही. माझ्या काचेवर खाऱ्या पाण्याचे डाग साचू देत नाही. तुमच्याकडे माझ्यासारखे कुणी असेल, तर एवढी काळजी तुम्हीही घ्या. आणि नकाशा निवडताना नुसते रंग पाहू नका. हे कोणी मोजले, कधी मोजले, असे एकदा विचारा. उत्तर देणारा नकाशा दिसायला साधा असला तरी घ्या.

शिवरामांना आता माझे मोठे आकडेही दिसत नाहीत. तरी ते सुकाणू धरतात. "पुढं काय आहे?" ते विचारतात आणि यशोधरा माझ्यावरून वाचून सांगते. जिथे आकडा नसतो तिथे ती म्हणते, "माहीत नाही बाबा." मग ते वेग कमी करतात, आणि मुकेश बांबू उचलतो.