तराजूची कडी

अमळनेरच्या बाजारातलं आमचं जुनं कापसाचं दुकान लेकानं, चुडामणनं, कापडासाठी नवं करायला काढलं. त्याला आरशाची भिंत हवी होती. "लाव," म्हटलं, "गिऱ्हाईक नाही आलं तर स्वतःलाच बघत बस." पण गवंडी तुळईतली लोखंडी कडी कापायला चढला, तशी मी शिडीच धरून त्याला अडवलं.

"माय, हाई कडी आते काय कामनी शे?"

"तुन्हा बाप दरसाल पहिले तुले पारडामा बसाडे, मंग कापूस तोले."

चुडामण वर बघत राहिला. मग स्वतःच माळ्यावरून जुनं पारडं काढून आणलं आणि कडीला टांगलं. त्यात मी दुकानात खेळणाऱ्या नातीला बसवलं. ती खिदळली, आणि चुन्याच्या वासातही मला सरकीचा वास आला.