शनिवारची पोळी

पिंपळगाव राजातल्या सिंधूताईंच्या तोंडाला लागायचं नाही, हे गल्लीतलं शेंबडं पोरही जाणून होतं. आता तेच तोंड कुठं लपवावं, हे त्यांना कळत नव्हतं.

त्यांच्या काळ्या कुत्र्याची, डांबऱ्याची, हगवण थांबेना म्हणून खामगावच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या होत्या. आतड्यात पहारेकरी असतात, त्या म्हणाल्या. रोगजंतू दिसला की तुटून पडतात. डांबऱ्याचे पहारेकरी बिथरलेत. ते गव्हालाच शत्रू समजतात, आणि त्या मारामारीत आतडंच सोलवटतं. भात आणि उकडलेलं अंडं, बस्स. गव्हाचा एक घासही नको.

सिंधूताईंनी पथ्य पाळलं. म्हणजे शनिवार सोडून पाळलं. पोरगा हर्षल पोलीस भरतीत दोनदा नापास झालेला, त्यात साडेसाती निघाली. शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घालायची, असं ठरलं. घरातच काळं कुत्रं असताना दुसरं शोधायला कोण जातं? "एका पोळीनं काय होते," असं म्हणत त्या मागच्या दारी पदराआडून पोळी घालायच्या.

डांबऱ्या खंगतच गेला. तेव्हा सिंधूताईंनी काय करावं? भर गल्लीत शेजारच्या शाहजादीला धरलं. "हड्ड्या टाकतं काय वं माह्या कुत्र्याले?" शाहजादी काही न बोलता आत गेली. ओट्यावरच्या बायकांनी माना डोलावल्या.

आज डांबऱ्या उठेचना. शाहजादीच्या नवऱ्यानं, गफ्फारनं, कुणी न सांगता रिक्षा काढली. शाहजादीनं कुत्रं मांडीवर घेतलं. वाटेत तिची सलवार घाण झाली, तरी तिनं मांडी हलवली नाही.

"पथ्य पाळूनही असं होत असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तर पहारेकऱ्यांनाच दाबणारं औषध द्यावं लागेल. इतक्या अशक्त जिवाला ते झेपेलच असं नाही. खरं सांगा, दुसरं काही खातो का?"

सिंधूताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"माह्याच हातून काही गेलं असंन, मॅडम," शाहजादी खाली बघत म्हणाली. "ताईची चूक नाही."

तिच्या न्हाणीच्या खिडकीतून मागचं दार स्वच्छ दिसतं, हे सिंधूताईंना तेव्हा आठवलं. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं त्यांना.

"पोळी," त्या कशाबशा म्हणाल्या. "दर शनिवारी. माह्याच हातानं."

डॉक्टरीणबाईंनी त्या औषधाची सुई बाजूला ठेवली. सलाईन लावलं आणि पथ्य पुन्हा पहिल्यापासून लिहून दिलं.

परतताना सिंधूताईंनी विचारलं, "तू पाह्यलं होतं नं?"

"हाव."

"मंग त्या दिवशी काऊन नाही बोलली?"

"मी बोलली असती तर कोणी मानलं असतं, ताई?"

सिंधूताईंनी डांबऱ्याच्या डोक्यावर हात ठेवला, तसं त्यानं डोळे उघडले आणि शाहजादीचा हात चाटला.

गल्लीच्या तोंडाशी त्यांनी रिक्षा थांबवायला लावली. ओट्यावर त्याच बायका लसूण सोलत बसल्या होत्या. त्या दिवशी इथं ओरडायला त्यांना काही वाटलं नव्हतं. आज त्यांनी आधी पदर सारखा केला.

"बायांनो, इकडं पाहा जरा," त्या अखेर म्हणाल्या, आणि शनिवारच्या पोळीपासून सांगायला लागल्या.