तिसऱ्या गाण्यावरचे ड्रम्स

आमच्या अल्बममध्ये सहा गाणी आहेत आणि ती सहा वेगळ्या बँडची वाटतात. पहिल्यात मी किंचाळते, दुसरं अंगाईसारखं आहे, पाचव्यात सौरभची गिटार इतकी पुढे आहे की मी शेजारच्या फ्लॅटमधून गातेय असं वाटतं. आम्ही कसे वाजतो हेच आम्हाला अजून ठरवता येत नव्हतं. एकच गोष्ट पक्की होती. हर्षवर्धनचे ड्रम्स ठेवायचे नाहीत.

तो पळतो. कितीही संथ सुरू करा, कडवं येईपर्यंत तो पुढे निघून गेलेला असतो. शेवटी कुकटपल्लीला सौरभच्या खोलीत बसून आम्ही त्याचं वाजवणं पुसलं आणि लॅपटॉपचे ड्रम्स घातले.

"त्याच्या बाबांची अट माहितीये ना?" सौरभ म्हणाला. "अल्बममध्ये तो वाजवत असेल तरच ड्रम्स घरात राहणार. नाहीतर विकणार आणि ह्याला कोचिंगच्या हॉस्टेलला टाकणार."

"काकांना काय कळतंय? ड्रम्स ते ड्रम्स. हर्षालाही सांगू नकोस."

मागच्या वर्षी हजेरी द्यायलाही माझा आवाज फुटत नव्हता. यंदा मी बोलते आणि बाकीचे ऐकतात. मस्त वाटतं.

रविवारी अल्बम ऐकायला आम्ही चिक्कडपल्लीला हर्षाकडे जमलो. जयवंताकाकूंनी मिरची भजी केली होती. प्रतापरावकाका डोळे मिटून बसले. पहिलं गाणं सुरू झालं.

"हे वाजवतोयस ते तूच ना रे?" काकूंनी विचारलं.

"हौ, आई," हर्षा म्हणाला. पण त्याला कळलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी अजून एक भजं घेतलं.

तिसऱ्या गाण्याला काकांनी डोळे उघडले. "हे बरंय. हर्षा, बस की ड्रम्सवर. ह्याच्यासोबत वाजवून दाखव."

"आत्ता नक्को, बाबा."

"कायकू? तुझंच तर आहे."

सौरभने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. आमच्या पेजला व्हिडिओ होईल म्हणून मी फोन सुरू केला.

दोन ओळी ठीक गेल्या. मग तो पळाला. लॅपटॉपचे ड्रम्स मागे राहिले, आणि हर्षा थांबायचं सोडून स्वतःच्या आणि लॅपटॉपच्या ठेक्यामधल्या फटीत जोरजोरात वाजवायला लागला. दोन महिने निपचित पडलेलं ते गाणं उठून उभं राहिलं. माझा पाय आपोआप हलत होता. सौरभ माझ्याकडे बघत होता. असं वाजायचं होतं आम्हाला.

"बस," काका म्हणाले.

हर्षाने काठ्या मांडीवर ठेवल्या. स्पीकरमधले ड्रम्स आपले एका लयीत चालूच होते.

"रेणू, तू सांग पोरी. हा स्पीकरमधला हात कुणाचा?"

'त्याचाच काका, आज घाबरला,' एवढं म्हटलं असतं तरी त्यांनी मानलं असतं. हर्षाही तेवढ्याचीच वाट बघत होता.

"लॅपटॉपचा आहे, काका," मी म्हणाले. आवाज अगदी स्पष्ट आला.

काकांनी आतून पाना आणला आणि हर्षासमोर ठेवला. "तूच खोल."

"अहो, आधी दोन घास खाऊ द्या त्याला," काकू म्हणाल्या. कुणी ऐकलं नाही.

"काका, ड्रम्सवरची ती मोठी झांज विकणारच असाल तर..." सौरभ चाचरत म्हणाला. काकांनी उत्तर द्यायच्या आधी हर्षाने ती काढून माझ्या हातात दिली.

तिसरं गाणं आम्ही बदललं. फोनमध्ये उतरलेलं तसंच्या तसं टाकलं, शेवटचं काकांचं 'बस' तेवढं कापलं. अल्बममधलं ते एकच गाणं आमचं वाटतं, असं सगळे म्हणतात. हर्षाचं नाव घातलं नाही. तोवर तो बँडमध्ये राहिला नव्हता.

परवा जयवंताकाकूंचा फोन आला. हॉस्टेलवर पोरांना फक्त रविवारी बोलू देतात. "रेणू, ते नवीन तिसरं गाणं ऐकलं गं मी. त्यात आमचा हर्षा वाजवतोय का? वाटलं तसं. रविवारी त्याला सांगेन म्हणते."

"नाही काकू," मी म्हणाले. "लॅपटॉप आहे तो."