केरबाचा कर्णा

तीन दिवस झाले, कर्णा पक्षी आवाज देत होता आणि दिसत नव्हता. केरबाच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. चंदगडच्या रानात लाल पोटाचा कर्णा हमखास दाखवणारा माणूस म्हणून त्याचं नाव. काजूच्या कारखान्यातलं काम त्याने सोडलं ते या एका पाखराच्या जिवावर. आणि आता कोल्हापूरचे विजयसिंह भलामोठा कॅमेरा गळ्यात अडकवून मागून पुटपुटत होते. दुपारी ते परत जाणार होते.

"मामा, पाखरू हाय का न्हाय तेवढं तरी सांगा."

"आवाज येतोय न्हवं? मग?" केरबा फटकन बोलला. पाहुण्यावर चिडू नये हे त्याला कळत होतं, पण काट्यांनी पाय सोलवटले होते आणि शहाणपणा केव्हाच संपला होता.

ओढ्यापलीकडून पुन्हा हाक आली. दोघं वाकून वर चढले. फांदीवर काळाकुळकुळीत भृंगराज बसला होता, शेपटीच्या दोन लांब तारा हलवत. हे पाखरू पक्कं नकल्या, हे केरबाला ठाऊक होतं. भृंगराजाने कर्ण्याच्या पाच हाका दिल्या आणि लागलीच कोंबड्यासारखा आरवला.

विजयसिंहांना हसू आवरेना. केरबाने मात्र खिशातून मोबाईल काढला.

या रानात कोसभर कोंबडं नव्हतं. ते होतं त्याच्या मोबाईलमध्ये. कर्ण्याला जवळ बोलवायला तो एक आवाज लावायचा, कुणीतरी पाठवलेला, कुठल्याशा घरामागं टिपलेला. पाच हाका आणि शेवटी कोंबडा. दिवाळीपासून, येईल त्या पाहुण्यासाठी, याच ओढ्यावर, दिवसातून वीस-वीस वेळा. हद्दीत दुसरा नर घुसला समजून कर्णा चवताळून यायचा. पुढे उशिरा यायला लागला, तर या शहाण्याने आवाज वाढवला. डोळ्यांनी शेवटचा कधी पाहिला? पंधरवडा तरी झाला असेल.

"एकदा मोबाईल लावून बघा की, मामा. शेवटचं."

केरबाला स्वतःचाच असा संताप आला की मोबाईल ओढ्यात भिरकावावा. त्याने तो नुसताच खिशात खोल सारला.

"ऐकायला हितं कोण ऱ्हायलं न्हाय, पावणं. रोज भांडायला लावलं म्या त्याला. कटाळून गेला त्यो."

"मग आपण तीन दिवस कुणामागं फिरतोय?"

"माझ्या मोबाईलमागं," केरबा म्हणाला.