गिस्बेर्टचा उजवा हात

गिस्बेर्ट नोवोटका चौदा वर्षं फुटबॉलच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये बचावपटू होता. तीनशे अकरा सामने, दोन गोल, आणि त्यातला एक स्वतःच्याच जाळ्यात. पण आमच्या होल्टहाइड गावात लोक त्याला ओळखायचे ते त्याच्या उजव्या हातामुळे. समोरचा खेळाडू बचावफळीच्या मागे जरा निसटला, की गिस्बेर्टचा हात सटकन वर. "ऑफसाइड!" खरंच आहे की नाही, हा विचार नंतरचा. इतक्या वेळा वर जायचा तो हात, की पंचांनी तिकडे बघणंच सोडून दिलं होतं.

गुडघे गेले आणि गिस्बेर्ट कोच झाला. चौथ्या डिव्हिजनला सहायक, मग पाचव्या डिव्हिजनला मुख्य, मग सातव्या. शिडी चढायची असते हे त्याला कुणी सांगितलंच नसावं. तीन क्लबांनी नारळ दिला तेव्हा तो आमच्याकडे आला, नवव्या डिव्हिजनला, जिथे मी हेडविग कालुत्सा सव्वीस वर्षं खेळाडूंचे कपडे धुते आणि सामन्याच्या दिवशी सॉसेज भाजते.

पहिल्याच दिवशी तो कपड्यांच्या खोलीत येऊन उलट्या बादलीवर बसला.

"हेडी, इथूनही काढलं ना, तर मला कोच म्हणून कुणी फोन करणार नाही. मला दुसरं काही येत नाही गं."

"इस्त्री येते का?"

"नाही."

"मग जिंकत जा," मी म्हटलं. बोलायला काय जातं म्हणा.

माणूस चांगला होता. पोरांना ओरडायचा, पण ज्याला ओरडला त्याला संध्याकाळी घरापर्यंत सोडायचा. भानगड एकच. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, तशी मैदानाबाहेर उभा राहूनही त्याचा हात वर जायचाच. आमच्या डिव्हिजनला रेषेवर झेंडा धरणारे लाइनमन नसतात, एकटा पंच सगळीकडे पळतो. अशा पंचाला बाहेरून कुणी शिकवलं की त्याचं डोकं फिरतं. मार्चपर्यंत गिस्बेर्टला तीन पिवळी कार्डं मिळाली. मग मी त्याच्या दोन्ही हातांत गरम कॉफीचे काठोकाठ भरलेले कप देऊन बघितले. पहिल्या हल्ल्यालाच उजवा कप राखीव गोलकीपरच्या मांडीवर रिकामा झाला.

"हेडी मावशी," तो बिचारा म्हणाला, "पुढच्या वेळी निदान दूध तरी घाल."

शेवटच्या रविवारी आम्ही तळापासून तिसरे होतो. लांगेनब्रूकला हरवलं तर टिकणार, नाहीतर दहाव्या डिव्हिजनला उतरणार. क्लबचा अध्यक्ष क्लेमेन्स, धंद्यानं छपरं घालणारा आणि बोलण्यात सरळ, सकाळीच सांगून गेला होता, "उतरलो तर तू गेलास, गिस्बेर्ट. मग माझ्याकडे रडत येऊ नकोस."

सत्त्याऐंशी मिनिटं शून्य-शून्य. मग आमच्या फेरहातला मध्यातून लांब पास मिळाला. फेरहात आयदेमिर आमचा स्ट्रायकर, दिवसा बस चालवतो, म्हणून वेळेवर कुठेच पोचत नाही असं पोरं चिडवतात. त्या दिवशी मात्र पोचला. गोलकीपरला डावीकडे पाडलं आणि चेंडू जाळ्यात. माझ्या हातातून मोहरीचा डबा पडला. मी नाचत होते, समोरचं गिऱ्हाईक नाचत होतं, क्लेमेन्स कुणाचा तरी मुका घेत होता.

पंच आल्फोन्स, वय त्रेसष्ट, दोन्ही गुडघे माझ्यापेक्षा वाईट, चाळीस पावलं मागे राहिला होता. त्याला कुठून कळणार कोण पुढे होतं नि कोण मागे? त्यानं मान वळवली. आणि बरोबर फेरहातच्या रेषेत आमचा कोच उभा होता, उजवा हात आभाळात.

आल्फोन्सनं शिट्टी फुंकली. ऑफसाइड. गोल रद्द.

गिस्बेर्ट स्वतःच्या हाताकडे असा बघत होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

"अहो, तो आमचा कोच आहे!" क्लेमेन्स पंचाच्या अंगावर धावून गेला.

"म्हणूनच," आल्फोन्स धापा टाकत म्हणाला. "स्वतःच्या माणसाच्या विरुद्ध खोटा हात कोण वर करेल?"

शून्य-शून्यच राहिलं. आम्ही उतरलो.

तासाभरानं क्लबच्या खोलीत सगळे सभासद जमले. बटाट्याच्या सॅलडला कुणी हात लावत नव्हतं. क्लेमेन्सनं एक कागद गिस्बेर्टपुढे सरकवला.

"आपण तक्रार करायची. तू बदली खेळाडूला बोलावत होतास, पंचानं उगीच भलता अर्थ लावला. सही कर. सामना परत होईल, क्लब वाचेल, तूही वाचशील."

गिस्बेर्टनं कागद दोनदा वाचला.

"कर सही, गाढवा!" मी ओरडले. लाज कसली? मला तो राहायला हवा होता.

त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. "फेरहात, तू पुढे होतास?"

फेरहातनं आपल्या बुटांकडे बघितलं. मग म्हणाला, "बुटाएवढा."

गिस्बेर्टनं पेन खाली ठेवलं. "मग मी कुठल्या बदली खेळाडूला बोलावत होतो रे, क्लेमेन्स?"

क्लेमेन्सचं तोंड लालबुंद झालं, पण माणूस नियमाचा. मतदान घेतलं. खालच्या डिव्हिजनला गिस्बेर्टच कोच हवा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा. माझा पहिला. मग राखीव गोलकीपरचा, मग एकेक करत बाकीचे. क्लेमेन्सनं पेन्सिलीनं मोजले, अकरा. विरोधात? तेही अकरा. त्यात क्लेमेन्स होता आणि फेरहातही होता, आणि फेरहातला मी तरी दोष देणार नाही.

"समसमान म्हणजे नामंजूर," क्लेमेन्स म्हणाला. मग तो यादीवरून बोट फिरवत थांबला. "तेवीस सभासद आहेत. गिस्बेर्ट, तू मत दिलेलं नाहीस."

सगळ्यांच्या माना वळल्या. गिस्बेर्ट दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

"माझ्याच बाजूनं मी कसं देऊ?" तो म्हणाला. "यांचं वर्ष मी घालवलं."

जो हात चाळीस वर्षं कुणाला न विचारता वर जायचा, तो आज हलायला तयार नव्हता. माझा जीव तुटला. उठून त्याच्या कानाखाली एक द्यावीशी वाटली.

तेवढ्यात कोपऱ्यातून फेरहातची खुर्ची सरकली.

"मी विरोधातच आहे, कोच, माझं मत बदलणार नाही," तो म्हणाला. "पण उचल की तो हात! माझ्या गोलच्या वेळी कुणाला विचारलं होतंस?"

आधी राखीव गोलकीपर हसला, मग मी, मग सगळी खोली. गिस्बेर्टही हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. त्यानं उजवा हात मांडीखालून ओढून काढला आणि खांद्यापर्यंत नेला. तिथे तो थोडा थांबला. मग पुरता वर गेला.

"बारा," क्लेमेन्स म्हणाला आणि पेन्सिल खाली ठेवली.